टँकरच्या जिल्ह्यात बोट

२०२३ च्या खरिपात पावसाने ओढ दिली. त्या वर्षी राज्य सरकारने जे पहिले चाळीस तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत धाराशिव जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन होते. पुरती दोन वर्षे उलटली नाहीत, तोच सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्याच्या पश्चिमेला सीना आणि तिला मिळणारे ओढे असे फुगले, की भूम-परंड्याकडच्या गावांतून माणसे बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. गोठ्यातली जनावरे दावणीलाच मेली. काढणीला आलेले सोयाबीन गेले आणि कित्येक ठिकाणी त्याखालची काळी मातीही खरडून गेली. ज्या जिल्ह्याच्या प्रशासनाचा उन्हाळा टँकरच्या फेऱ्या मोजण्यात जातो, तिथे बोटीची सवय असणार कुणाला?

एखाद्या वर्षाचा अपघात म्हणून हे सोडून देता आले असते. पण मागची पाने उलटून पाहा. २०१२ चा दुष्काळ. मग २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन कोरडी वर्षे; शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते याच मालिकेच्या शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये. २०१८ ला पुन्हा दुष्काळ. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने तुळजापूर, लोहारा, उमरगा तालुक्यांची दैना केली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग मराठवाड्यावर येऊन फुटले आणि मांजरेच्या काठची कळंब तालुक्यातली गावे पाण्यात गेली. त्यानंतर २०२३ आणि २०२५ आहेतच.

जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीने सहाशे ते साडेसातशे मिलिमीटर. ही सरासरी फार बिघडलेली नाही; बिघडला आहे तो तिच्या आतला कारभार. हवा एक अंश सेल्सियसने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ढग भरायला वेळ लागतो, पण भरला की रिकामा होतो तो एकदम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की पेरणीनंतर महिनाभराचा खंड आणि काढणीच्या वेळी एका रात्रीत महिन्याचा पाऊस. वर्षअखेरीस बेरीज केली तर पर्जन्यमान ‘सरासरीइतके’ भरते आणि शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

त्यामुळे हवामानबदलाने दुष्काळ वाढणार की पूर, हा वाद धाराशिवपुरता बाजूला ठेवावा. जे काम कोरड्या वर्षातही उपयोगी पडते आणि ओल्या वर्षातही, ते आधी करावे. अशी कामे शोधू गेले तर ती बहुतेक ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या आवाक्यातली निघतात. त्यांचे उद्घाटन मात्र करता येत नाही, आणि माझ्या मते ती मागे पडण्याचे खरे कारण पैशापेक्षा हे आहे.

पहिले काम हिशेबाचे. एक हजार हेक्टर शिवाराचे, दोन हजार वस्तीचे गाव घ्या. साडेसहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या शिवारावर ६५ लाख घनमीटर, म्हणजे ६५० कोटी लिटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने गावाला वर्षभर प्यायला-वापरायला लागते सुमारे ४ कोटी लिटर. पडलेल्या पावसाचा शेकडा एक हिस्सासुद्धा नाही! मग टँकर का लागतो? पुढचा आकडा त्याचे उत्तर देतो. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागते. हेक्टरी दोन कोटी लिटर. दोन हेक्टर ऊस, म्हणजे पाच एकर, अख्ख्या गावाचे वर्षाचे पाणी पितो. हे गणित पाचवीच्या मुलाला जमण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ग्रामसभेत ते मांडायला धाडस लागते. समोर बसलेल्यांत त्या पाच एकराचा मालक असतो, आणि बऱ्याचदा तो खुर्चीवरच असतो.

हिवरे बाजारने हा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी मांडायची सवय लावली आणि त्यावर पिके ठरवली. उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरला गावानेच मनाई केली. ते गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, तिथले नेतृत्व वेगळे, हे खरे. पण ताळेबंदाचे तंत्र आता कुणा एका गावाचे राहिलेले नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे तेरा जिल्हे घेतले गेले, त्यांत धाराशिव आहे. तिथल्या ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडे करायचे होते. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ज्याला गावोगाव ‘पोकरा’ म्हणतात त्यातही, जिल्ह्यातली गावे होती. गावपातळीवरच्या ग्राम कृषी संजीवनी समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे होते. कागदावर पाहिले तर हवामानबदलाला तोंड देणारी समिती या जिल्ह्यातल्या कित्येक गावांत आधीच होऊन गेलेली आहे. शेडनेट, ठिबक, शेततळे यांचे अनुदान लोकांच्या लक्षात राहिले. पाण्याचा ताळेबंद मात्र आराखड्याच्या फायलीत राहिला. अनुदान खात्यात जमा होते, ताळेबंद होत नाही, त्यामुळे यात नवल नाही.

ताळेबंद का हवा, याला इथला दगडही कारण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे पाणी वाटून टाकले आहे. मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. दोन्ही बाजूंना जमिनीखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी थांबते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. फार खोल गेले की दगड घट्ट आणि कोरडा. २०१२ नंतर बोअर सहाशे, आठशे फुटांवर गेले. त्या खोलीवर एखादी भेग लागली, तरी ते पाणी वर्षानुवर्षांचे साठलेले असते. एकदा उपसले की पुढच्या पावसाळ्यात भरून येत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार पंचायतीकडे नाही, पण ठराव करून तक्रार तिला करता येते. पाचशे मीटरचे ते वर्तुळ गावाच्या नकाशावर आखून चावडीवर लावायला रंग आणि दोरी पुरते.

आता दुसऱ्या टोकाकडे, पुराकडे येऊ. इथे एक जुनी वस्तू मला फार बोलकी वाटते: कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, खाचांत सरकवायची दारे. पावसाळाभर दारे काढून ठेवायची, नदीला मोकळी वाट द्यायची. पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरात दारे बसवून शेवटचे पाणी अडवायचे. सगळी रचना एका गृहीतकावर उभी आहे: पाऊस कधी संपतो हे आपल्याला माहीत आहे. ते गृहीतकच आता डळमळले. ऑगस्ट कोरडा गेला की काठचे शेतकरी घाबरून दारे लवकर टाकायला सांगतात, आणि त्यांचे चूकही नाही; २०२३ सारखे वर्ष असेल तर तेच बरोबर ठरते. पण मग सप्टेंबरच्या शेवटी ढगफुटीसारखा पाऊस आला, की बंद दारांवर गाळ आणि झुडपे अडतात, नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडते आणि बाजूच्या शेतातली माती घेऊन जाते. उलट दारे टाकलीच नाहीत, तर पूर येऊन जातो आणि डिसेंबरात पात्र कोरडे.

यावर उपाय काही अवघड नाही, पण तो कॅलेंडरवर चालणारा नाही. दारे टाकायची तारीख ठरवण्याऐवजी कोण, कोणता अंदाज पाहून, किती तासांत दारे काढणार हे ठरवावे लागते. दारे जागेवर असावी लागतात. लोखंडी दारे चोरीला जाणे हे मराठवाड्यात काही दुर्मीळ नाही. त्यांचे रबरी पॅकिंग शाबूत लागते. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस लागतो आणि त्याला मजुरी द्यायला चार पैसे लागतात. शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनक्षमतेचे बंधारे-तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडे. म्हणजे एकाच नदीवर वरचा बंधारा एका खात्याचा आणि खालचा दुसऱ्याचा असू शकतो. पाण्याला हे ठाऊक नसते. नदीकाठच्या आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून एक समिती करून दारांचे वेळापत्रक आपल्या हातात मागून घेतले, तर दुष्काळ आणि पूर या दोन्हींवरचा इतका स्वस्त उपाय जिल्ह्यात दुसरा नसेल.

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांडव्याचे महत्त्व वेगळे समजवायला नको. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, बोरी नदीवर बांधलेल्या त्या धरणाच्या पोटात महाल आहे आणि जादा पाणी नर-मादी या दोन सांडव्यांतून त्याच्या अंगावरून खाली पडते. पाणी अडवायचे कसे याइतकाच विचार ते जाणार कुठून याचा केलेला. गेल्या पंधरा वर्षांत जलसंधारणाची कामे पुष्कळ झाली. जलयुक्त शिवारात नाले खोल झाले, रुंद झाले. पण पाणी अडवण्याच्या उत्साहात ते जाण्याच्या वाटा कुणी मोजल्या नाहीत. शेतरस्ते आणि पाणंद रस्ते भराव घालून उंच झाले आणि त्यांखाली एकेक फुटाच्या सिमेंटच्या नळ्या टाकून ठेकेदार मोकळा झाला. असा रस्ता पावसाळ्यात बांधाचे काम करतो: वरच्या बाजूचे शेत तळे होते आणि नळी तुंबली की रस्ताही जातो. ओढ्याच्या काठावर घर, पात्रात गुरांचा गोठा, स्मशानभूमीची भिंत, कधी खुद्द ग्रामपंचायतीचे व्यापारी गाळे. अतिक्रमण काढणे सरपंचाला परवडत नाही, कारण ज्याचे काढायचे तो मतदार आणि बहुधा भावकीतला. निदान नवीन परवानगी देताना ओढ्याची जुनी हद्द पाहण्याला तर निवडणूक आडवी येत नाही?

शेतातही दोन्हीकडून उपयोगी पडणारी एक पद्धत आहे. रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरले तर खंड पडला तेव्हा वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. कृषी विभाग हे वर्षानुवर्षे सांगतो. अडचण यंत्राची असते: पेरणीचे चार दिवस सगळ्यांना ते एकदमच हवे. ग्रामपंचायतीने किंवा बचतगटांच्या संघाने दोन यंत्रे भाड्याने द्यायला ठेवणे ही हवामान कृतीच आहे, कुणी तिला तसे म्हणो न म्हणो.

याच भागात बायकांनी आणखी एक वाट पाडून ठेवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लोहारा-उमरग्याची गावेही उद्ध्वस्त झाली. पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून कामाला लावले. घर कसे बांधले जाते आहे, पैसे कुठे अडले, हे त्या पाहू लागल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्याच जाळ्यातून एक एकर शेतीचा प्रयोग उभा राहिला. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईने स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यावर नगदी पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, कडधान्ये, भाजीपाला अशी कमी पाण्याची, घरात खाल्ली जाणारी मिश्र पिके घ्यायची. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. सोयाबीन बुडाले तरी घरातले धान्य-भाजी चालू राहते, ही यातली मेख. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी पीकपद्धतीवर बोलायला ग्रामसभेत पुरुषच उभे राहतात, हे आपले नेहमीचे.

शहरांची तऱ्हा वेगळी. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग आणि मुरूम या नगरपरिषदा आणि लोहारा, वाशी या नगरपंचायती आहेत. धाराशिव शहराला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून पाणी येते. उजनीची पूर्ण साठा पातळी समुद्रसपाटीपासून ४९७ मीटरच्या आसपास. धाराशिव शहर ६५० मीटरच्या. म्हणजे प्रत्येक थेंब दीडशे मीटर वर चढवायचा. दहा हजार लिटर पाणी एवढे उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने चार युनिट वीज लागते; पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट धरली, तर सहा-सात. पाणीपुरवठ्याचे वीजबिल हा नगरपरिषदांच्या गळ्यातला नेहमीचा फास आहे. त्यामुळे इथे जलवाहिनीची गळती थांबवणे हे पाणी वाचवण्याचे, पैसे वाचवण्याचे आणि कोळसा वाचवण्याचे असे एकच काम ठरते. छतावरच्या पाण्याचेही तसेच: हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला साठ हजार लिटर पडतात, चाळीस-पन्नास हजार धरता येतात. बांधकाम परवान्यात ही अट असते. पूर्णत्वाचा दाखला देताना खड्डा खरोखर आहे का हे जाऊन पाहणारा माणूस नसतो.

सौर ऊर्जेविषयी थोडक्यात. कार्बन कमी करण्याच्या बाबतीत धाराशिवच्या ग्रामपंचायतीने जगाला वाचवावे, अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. या जिल्ह्याचा त्यात वाटाच केवढा! पण जिथे पैसे वाचतात तिथे ते करावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावाच्या जागेवर प्रकल्प झाला, तर ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. भूम-कळंब-वाशी पट्ट्यातल्या खव्याच्या भट्ट्या लाकडावर पेटतात, आणि जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्यालाही पोचत नाही. तिथे सौर किंवा वाफेची भट्टी आणण्याला पर्यावरणाइतकेच धंद्याचेही कारण आहे.

२ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच सदरांत स्थानिक संस्थांना गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी राज्यातल्या ६८६ संस्था त्यात होत्या. स्पर्धेने काही गावांत खरेच काम उभे राहिले. पण गुणांची एक खोड असते: जे मोजता येते ते वाढते. हरित शपथा घेतल्याची संख्या वाढते, लावलेली रोपे वाढतात. तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेली रोपे कोण मोजतो? रोजगार हमीत रोप लावण्याऐवजी ते जगवण्यासाठी मजुरी देण्याची पद्धत आहे, ती वापरली तर झाड उभे राहते. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यासाठी तिच्याकडे खाते आहे, तज्ज्ञ आहेत. धाराशिव जिल्ह्यात सहाशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि पुष्कळ ठिकाणी एका ग्रामसेवकाच्या गळ्यात दोन गावे. शिवाय जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे निवडणूकच झाली नाही. २०२५ च्या पुरात माणसे छपरावर बसली होती, तेव्हा जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. ओढ्याचे पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरते हे ठाऊक असलेला निवडून आलेला माणूस या संस्थांत अधिकृतपणे नव्हता.

म्हणून नवा आराखडा, नवी समिती यांच्या मागे न लागता आहे त्या यंत्रणेला हवामानाची घडी बसवणे मला शहाणपणाचे वाटते. ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. राष्ट्रीय सणांच्या या तारखा इथल्या पावसाशी विलक्षण जुळतात. मे महिन्यात नळ्या, ओढे, बंधाऱ्याची काढलेली दारे आणि पूर आला तर कुणाची जनावरे कोण सोडणार याची यादी. ऑगस्टमध्ये पावसाच्या खंडाचा अंदाज. महसूल मंडळात एक पर्जन्यमापक असतो आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पण दोन शिवारे सोडून पाऊस वेगळा असतो, तेव्हा शाळेच्या आवारात गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक ठेवून त्याची वही चालवावी. पंचनाम्याला ती वही ग्राह्य धरली जाणार नाही, गावाला मात्र धरता येईल. ऑक्टोबरात ताळेबंद आणि रब्बी. जानेवारीत टँकर लागणार का, कधीपासून, याचा आकडा. मार्चमध्ये तोंडचे पाणी पळाल्यावर प्रस्ताव पाठवण्यापेक्षा ते बरे.

यातली खरी अडचण कोरमची आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी ती संख्या हजर लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. तिथे दहा-बारा जणांत ठराव होतात, सह्या नंतर घरोघर फिरून होतात. मात्र ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असाही नियम आहे. पाण्याचा ताळेबंद आधी त्या सभेत मांडावा, आणि तिथले म्हणणे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय पुढची सभा सुरू करू नये. ग्रामसेवकाला त्यासाठी वरून कसलीही मंजुरी लागत नाही.